निर्वासितांची हमी कोण घेणार? सामुदायिक प्रायोजकत्व, लोकमत आणि विठ्ठलवाडीचा शेजार

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. हे स्थानक कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सीमेवर आहे. इथून रोज ये-जा करणाऱ्या हजारो बौद्ध कुटुंबांना 'कॅम्प नंबर ४', 'कॅम्प नंबर ५', 'बराक नंबर' हे शब्द पाठ असतात. पत्ता सांगताना ते सहज तोंडात येतात. पण हा कॅम्प कोणाचा होता, बराकीत कोण राहायला आले आणि आजूबाजूच्या लोकांनी त्यांना कसे वागवले, हे नव्या पिढीला फारसे माहीत नसते.

निर्वासितांना आसरा देणे हे फक्त सरकारचे काम आहे की समाजानेही त्यातला वाटा उचलावा, यावर आज जगभर चर्चा आहे. काही देशांनी त्यासाठी 'सामुदायिक प्रायोजकत्व' नावाची पद्धत उभी केली. भारतात अशी पद्धत कायद्यात नाही. तरीही लोकांनी निर्वासितांना सांभाळल्याची आणि झिडकारल्याचीही उदाहरणे आपल्याकडे आहेत. ती एकत्र मांडावीत आणि त्यातून लोकांची मानसिकता कशी घडते हे पाहावे, यासाठी आम्ही हा लेख देत आहोत.

सामुदायिक प्रायोजकत्व म्हणजे काय?

साध्या शब्दांत सांगायचे तर सरकार निर्वासिताला देशात येण्याची परवानगी देते आणि नागरिकांचा एखादा गट त्याच्या सुरुवातीच्या काळाची हमी घेतो. घर भाड्याने शोधणे, पहिल्या काही महिन्यांचे किराणा-भाडे, मुलांचा शाळाप्रवेश, दवाखाना, भाषा शिकवणे, नोकरीसाठी ओळख करून देणे ही सगळी कामे तो गट करतो. आपल्याकडे गावाहून आलेल्या भावकीच्या पोराला खोलीत ठेवून घेतात आणि कामाला लावून देतात, तसेच हे आहे. फरक एवढाच की इथे येणारा भावकीतला नसतो आणि हमी कागदावर लिहून द्यावी लागते.

कॅनडाने १९७६ च्या इमिग्रेशन कायद्यात ही तरतूद केली आणि १९७८ पासून ती लागू झाली. लगेचच व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून लोक जीव मुठीत धरून बाहेर पडू लागले. १९७९-८० मध्ये कॅनडाने सुमारे ६० हजार जणांना घेतले, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची हमी सामान्य नागरिकांच्या गटांनी, चर्चेसनी आणि संघटनांनी घेतली होती. त्यांच्यात बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि हमी घेणारे बहुतेक ख्रिस्ती होते. किमान पाच नागरिकांनी एकत्र यायचे आणि साधारण एक वर्ष जबाबदारी घ्यायची, असा नियम होता. १९८६ मध्ये निर्वासितांसाठीचा नान्सेन पुरस्कार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने कॅनडाच्या संपूर्ण जनतेला दिला.

याचा अर्थ तिथे सगळे खूश होते असे नाही. 'एवढ्या लोकांना कशाला घेता', असे म्हणणारेही त्या काळात खूप होते. पण विरोधकांचे मत बदलण्याची वाट न पाहता तयार असलेल्यांना काम करू देणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. पुढे ब्रिटनने २०१६ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये अशा योजना आणल्या. मात्र अमेरिकेची योजना २०२५ मध्ये थांबवण्यात आली. कॅनडानेही अर्ज तुंबल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणे बंद केले. म्हणजे लोकांची तयारी असली तरी सरकारची दारे उघडी असावी लागतात.

उल्हासनगर : एका छावणीचे शहर

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांनी मोठी लष्करी छावणी उभारली होती. युद्ध संपले आणि बराकी रिकाम्या झाल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये फाळणी झाली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधले हिंदू प्रामुख्याने समुद्रमार्गे मुंबईला येऊ लागले. त्यांना ठेवायला मुंबई सरकारकडे ज्या जागा होत्या, त्यांत कल्याणची ही रिकामी छावणी सर्वांत मोठ्या जागांपैकी होती. सुमारे १ लाख सिंधी निर्वासित इथे आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाखांवर होती.

एका लांब बराकीत गोणपाटाचे किंवा पत्र्याचे आडोसे करून अनेक कुटुंबे राहत. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांविषयी खास कायदा करून त्यांची नोंदणी आणि वास्तव्य यांवर नियंत्रण ठेवले. निर्वासितांचा लोंढा मुंबई शहरात येऊ नये, ही चिंता त्यामागे होती. अर्थात स्वागत आणि धास्ती दोन्ही सुरुवातीपासून बरोबरच होत्या.

यांची हमी कोणी घेतली? छप्पर आणि सुरुवातीचे रेशन सरकारने दिले. त्यापुढचे बरेचसे काम सिंधी समाजाने स्वतः केले. सिंधमधल्या एकेका गावच्या लोकांनी इथे आपापल्या पंचायती उभ्या केल्या आणि लग्न, मयत, आजारपण, धंद्याला उधारी हे सारे त्यांतून चालले. कराचीच्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केले. उल्हासनगरात १९६५ मध्ये चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज निघाले. आज या कॉलेजात कल्याण, विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूरची सर्व जातिधर्मांची मुले शिकतात, बौद्ध मुलेही. निर्वासितांनी स्वतःसाठी उभी केलेली संस्था दोन पिढ्यांत शेजाऱ्यांचीही झाली.

शेजाऱ्यांचे मत कसे होते?

'निर्वासित' हा शब्द सरकारी कागदावर साधा होता, पण बोलण्यात तो टोमणा झाला. इथेच जन्मलेल्या मुलांनाही तो चिकटला. म्हणूनच फाळणीत आलेल्या अनेकांना स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेणे आवडे, म्हणजे दानावर नव्हे तर स्वतःच्या कष्टावर उभे राहिलेले. उल्हासनगरच्या मालाची थट्टाही आपल्याला ठाऊक आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असे हसत हसत सांगितले जायचे. या विनोदात त्यांच्या उद्योगीपणाची कबुली होती आणि संशयही होता.

दुसरा प्रश्न जमिनीचा. महायुद्धात लष्करासाठी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जवळच्याच नेवाळी परिसरातल्या धावपट्टीच्या जमिनीसाठी शेतकरी आजही भांडत आहेत, आणि जून २०१७ मध्ये तिथल्या आंदोलनाने हिंसक वळण घेतले होते. त्या वादाशी सिंधी निर्वासितांचा संबंध नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. सरकार एखाद्याची जमीन घेते आणि त्याचा हिशेब चुकता करत नाही, तेव्हा तो राग तीन पिढ्या टिकतो. निर्वासितांच्या वसाहतीसाठी जागा देताना स्थानिकांना विश्वासात घेतले नाही, तर हाच राग नव्याने आलेल्यावर निघतो.

मत निवळले ते भाषणांनी नव्हे. दुकानदार आणि गिऱ्हाईक, कारखानदार आणि कामगार, एका बाकावर बसणारी मुले, एकाच लोकलमध्ये लटकणारे प्रवासी अशा रोजच्या गाठीभेटींनी ते निवळले. कुरबुरी संपल्या नाहीत, पण 'हे परत कधी जाणार?' हा प्रश्न मात्र संपला.

छावणीतही जात होती

फाळणीचा इतिहास बहुतेक वेळा सवर्ण निर्वासितांच्या नजरेतून सांगितला जातो. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांचे काय झाले, याकडे तेव्हा लक्ष वेधले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी जाहीर निवेदन काढून पाकिस्तानातील अनुसूचित जातींच्या लोकांना भारतात येण्याचे आवाहन केले. पाकिस्तान सरकार सफाई कामगारांना 'अत्यावश्यक सेवे'च्या नावाखाली देश सोडू देत नव्हते.

१८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. त्या वेळी ते स्वतः मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. पत्रातला एक मुद्दा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. पूर्व पंजाबात पोहोचलेले अनुसूचित जातींचे निर्वासित छावण्यांत राहत नव्हते, कारण छावण्यांचे अधिकारी सवर्ण आणि अस्पृश्य निर्वासितांत भेद करत. आणि नियम असा की शिधा-कपडे फक्त छावणीत राहणाऱ्यालाच मिळणार. म्हणजे छावणीत राहिले तर अपमान आणि बाहेर राहिले तर उपासमार.

सामुदायिक प्रायोजकत्वाच्या सगळ्या चर्चेत हा मुद्दा आपण विसरता कामा नये. समाज जेव्हा हमी घेतो तेव्हा तो आधी आपल्यासारख्याची घेतो. ज्याची जात, धर्म, भाषा, ओळख जुळते त्याला दार उघडते. ज्याच्यामागे पैसेवाला समाज नाही, त्याचे काय? म्हणून समाजाची हमी ही सरकारच्या जबाबदारीत भर घालणारी असावी, तिच्या जागी येणारी नसावी.

महाराष्ट्रातील आणखी तीन उदाहरणे

पहिले कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले पोलंडचे लोक इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारने उचलला, जागा आणि शेजार कोल्हापूरने दिला. आजही कोल्हापुरात त्यांचे स्मारक आहे आणि पोलंडची राजधानी वॉर्सा इथे कोल्हापूरच्या ऋणाची आठवण ठेवणारे स्मारक आहे. पोलिश गेल्यावर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर वसले. परत गेलेल्या पाहुण्यांची आठवण गोड राहते. कायमचे राहिलेल्यांशी मात्र रोजचे व्यवहार असतात, हेवेदावेही असतात. लोकमताची खरी परीक्षा इथे होते.

दुसरे गोंदिया जिल्ह्यातले. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो तिबेटी आले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये 'नोर्ग्येलिंग' ही तिबेटी वसाहत उभी राहिली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. महाराष्ट्रातली ही तिबेटी बौद्धांची वसाहत आहे, पण आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत? हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो, भाव करतो आणि पुढे जातो. ते आपले धम्मबांधव आहेत आणि त्यातले बहुतेक जण कायद्याने आजही परदेशी म्हणून नोंदलेले आहेत, हे लक्षात येत नाही.

तिसरे गडचिरोलीचे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना चामोर्शी, मुलचेरा या भागांत वसवले गेले. त्यांच्यात नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने. त्या समाजाचे आपल्यावर हे मोठे ऋण आहे. मात्र बंगालमध्ये अनुसूचित जाती असलेल्या नमःशूद्रांना महाराष्ट्रात ती सवलत मिळत नाही. आणि ज्या जंगलपट्ट्यात त्यांना वसवले तो आदिवासींचा. एका वंचिताचे पुनर्वसन दुसऱ्या वंचिताच्या दारात झाले की तंटा त्या दोघांत लागतो आणि निर्णय घेणारे नामानिराळे राहतात.

मिझोराम : समाजाने उचललेला भार

आजच्या भारतात सामुदायिक प्रायोजकत्वाच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण मिझोरामचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन राज्यातले लोक सीमा ओलांडून आले. केंद्राने मार्चमध्ये ईशान्येकडील राज्यांना हा लोंढा रोखण्यास सांगितले. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आसरा देण्याची विनंती केली. गावोगावच्या चर्चेसनी आणि यंग मिझो असोसिएशनने तांदूळ, कपडे, राहण्याच्या जागा उभ्या केल्या. निर्वासितांची संख्या ३० हजारांवर गेली. मिझो आणि चिन एकाच वंशाचे, एकाच धर्माचे, त्यामुळे हे 'आपले' लोक होते.

पण याच मिझोराममध्ये बौद्ध चकमांना परके मानले जाते. आणि १९९७ मध्ये वांशिक तणावामुळे हजारो ब्रू लोकांना मिझोराम सोडून त्रिपुरात पळावे लागले. २०२० मध्ये करार होऊन त्यांना त्रिपुरातच वसवण्याचे ठरले. समाज तोच, पण एकासाठी घर उघडे आणि दुसऱ्यासाठी बंद.

चकमांची कहाणी आपण नीट समजून घेतली पाहिजे. पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव डोंगराळ प्रदेशात १९६२ मध्ये कप्ताई धरण पूर्ण झाले. त्यात सुमारे १ लाख लोकांची घरे-शेते बुडाली. १९६४ नंतर भारतात आलेल्या चकमा आणि हाजोंग कुटुंबांना सरकारने आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. स्थानिकांचा, विशेषतः विद्यार्थी संघटनांचा, त्यांना कायम विरोध राहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जीविताचा अधिकार नागरिक नसलेल्यांनाही आहे आणि राज्याने चकमांचे रक्षण केले पाहिजे. २०१५ मध्ये न्यायालयाने नागरिकत्वाची प्रक्रिया पूर्ण करण्यास सांगितले. तरी प्रश्न रेंगाळलेलाच आहे. न्यायालय अधिकार देऊ शकते, शेजाऱ्याचे मन देऊ शकत नाही.

अरुणाचलमधूनच दुसरा धागाही निघतो. तिथल्या विस्थापित तिबेटींपैकी १ हजार जणांना घेण्याची घोषणा कॅनडाने डिसेंबर २०१० मध्ये केली. मात्र प्रत्येकाला तिथे हमी घेणारा कोणीतरी मिळायला हवा, ही अट होती. २०१३ पासून पुढची काही वर्षे हे लोक टप्प्याटप्प्याने गेले. कोणी खोली दिली, कोणी काम दिले, कोणी इंग्रजी शिकवले. ईशान्य भारतातले बौद्ध निर्वासित दूरच्या देशातल्या अनोळखी माणसांच्या भरवशावर उभे राहिले.

आपला कायदा काय सांगतो?

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. परदेशी माणसाला लागू होणारे नियम निर्वासितालाही लागू होतात, आणि आता त्यासाठी २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकविषयक कायदा आहे. परदेशी व्यक्तीला घरी किंवा संस्थेत ठेवले तर त्याची माहिती प्रशासनाला कळवावी लागते. मदतीच्या भरात हे विसरू नये, नाहीतर मदत करणारा आणि आसरा घेणारा दोघेही अडचणीत येतात.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट करून दिली. नियम मार्च २०२४ मध्ये आले. या यादीत बौद्ध आहेत, पण तिबेट, म्यानमार आणि श्रीलंका हे देश नाहीत. आणि मुस्लिम नाहीत. छळ झालेल्या माणसाला आधी धर्म विचारायचा का, हा या कायद्यावरचा मूळ आक्षेप आहे.

नेहमीचे तीन आक्षेप

निर्वासितांचा विषय निघाला की वस्तीत, विहारात, कट्ट्यावर तीन गोष्टी हमखास ऐकू येतात.

'आपल्याच गरिबांना घर नाही, परक्यांना कुठून द्यायचे?' हा आक्षेप खोटा नाही. कल्याण पूर्वेच्या चाळींत राहणारी आपली अनेक कुटुंबे दुष्काळामुळे, भूमिहीनतेमुळे किंवा अत्याचारामुळे गाव सोडून आली. १९७८ मध्ये नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाही लोक गाव सोडून निघाले. त्यांना कोणी निर्वासित म्हटले नाही, त्यांच्यासाठी बराकी रिकाम्या झाल्या नाहीत. पण यातून निघणारे उत्तर 'कोणालाच देऊ नका' असे नसून 'दोघांनाही द्या' असे आहे. घर नसण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने दुसऱ्याच्या बेघरपणाला आपला प्रतिस्पर्धी समजू नये.

'एकदा आले की कायमचे राहतात.' काही राहतात, हे खरे आहे. उल्हासनगरचे सिंधी राहिले. त्यांच्या राहण्याने रोजगार वाढला की घटला, हे इथल्या बाजारात फिरणारा कोणीही सांगू शकेल. जे राहणारच आहेत त्यांना वीस वर्षे अधांतरी ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही.

'त्यांचा धर्म वेगळा आहे.' इथे आम्हाला स्पष्ट बोलावे लागेल. २०१७ मध्ये म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. पळवणारे सैन्य बौद्धबहुल देशाचे होते आणि काही भिक्खूंनी त्या द्वेषाला हवा दिली. त्यांनी आपल्या धम्माचे नाव घेतले म्हणून आपण गप्प बसलो, तर चकमांसाठी आणि तिबेटींसाठी बोलण्याचा आपला अधिकार कमकुवत होतो. तथागतांची करुणा सर्व प्राणिमात्रांसाठी आहे, त्यात देशाची किंवा धर्माची अट नाही.

आपण काय करू शकतो?

कायदेशीर प्रायोजकत्व आज आपल्याकडे नाही. पण त्याच्या मुळाशी असलेली कामे करायला कोणी अडवलेले नाही. महिला मंडळे आणि विहार समित्या स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी कुटुंबांशी ओळख करून घेऊ शकतात. धम्मसहलीत बोधगया, सारनाथबरोबर गोठणगावचे नाव घालता येईल. शहरात शिकायला येणाऱ्या चकमा किंवा तिबेटी विद्यार्थ्याला भाड्याची खोली मिळवून देणे हीसुद्धा हमीच आहे. 'जात काय?' या प्रश्नावर अडलेले घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, आणि 'तू कुठला?' या प्रश्नावर ते या मुलांसाठी अडते. आपले वकील कागदपत्रांत मदत करू शकतात. गडचिरोलीच्या नमःशूद्रांच्या मागणीवर आपल्या संघटना आपली भूमिका मांडू शकतात.

हे करताना कॅनडातल्या अनुभवातून एक सावधगिरीही घ्यावी. हमी घेणारा कधी कधी मालक होऊन बसतो. कोणाशी बोलावे, कसे राहावे, किती आभार मानावेत हे तो ठरवू लागतो. मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत राहिला नाही तर ती मदत उपकाराचे ओझे होते. उपकाराच्या भाषेविरुद्ध हक्काची भाषा बोलायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. तीच भाषा निर्वासितांच्या बाबतीतही आपली असली पाहिजे.

विठ्ठलवाडीच्या शेजारी १ लाख निर्वासितांचे एक शहर झाले. त्याच परिसरात शहाडची सेंचुरी रेयॉन, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्या आधाराने आपली माणसे आली, वस्त्या झाल्या, विहार उभे राहिले. इथला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी कुठून तरी आलेला आहे. तेव्हा 'बाहेरचे' या शब्दाचा वापर आपण तरी जपून करावा. आणि आपल्या विहाराच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्यावा : आपल्या भागात असे कोण राहते ज्याची हमी घ्यायला कोणीच नाही?